'मॉड्यूल गेलंय' म्हणजे नक्की काय गेलंय?

"साहेब, मॉड्यूल गेलंय." माझ्या मते आपल्याकडचं हे सर्वात महागडं तीन शब्दांचं वाक्य आहे. गंमत म्हणजे ते खरं आहे की नाही हे बऱ्याचदा सांगणाऱ्यालाही माहीत नसतं, कारण त्याने काही मोजलेलंच नसतं. त्याने स्कॅनर लावलेला असतो, स्कॅनरवर एक कोड आलेला असतो, आणि कोडमध्ये ज्या डब्याचं नाव आहे तो डबा बदलायचं एस्टिमेट बनवलेलं असतं. आजचा शनिवार या प्रकारावर खर्च करणार आहे. तिरकस लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

निमित्त म्हणून पार्किंग असिस्ट घेतोय. रिव्हर्स टाकल्यावर नेहमीचं टुक-टुक येत नाही, त्याऐवजी एकच लांब बीप येतो आणि डॅशबोर्डवर 'पार्किंग असिस्ट उपलब्ध नाही' अशा अर्थाचं काहीतरी उमटतं. कधी येतं, कधी नाही. पावसात जास्त येतं. सर्व्हिस सेंटरला नेलं की हमखास येत नाही. आणि स्कॅनरला विचारलं तर तो म्हणतो, 'पार्किंग असिस्ट मॉड्यूलशी संपर्क तुटला'.

आता कुणी म्हणेल, हे टुक-टुक म्हणजे श्रीमंतांचे चोचले, नसलं तर काय बिघडलं? मान वळवून बघा की मागे! तर तसं नाही. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या प्रवासी मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर कायद्याने सक्तीचे आहेत. ऐंशीच्या वर गेलं की कटकट करणारा बीप, ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण, हे सगळं त्याच नियमात आलं. म्हणजे सरकारने हे सुरक्षेचं उपकरण मानलंय. कारण उघड आहे. बंपरच्या मागे बसून चेंडू शोधणारं तीन वर्षांचं पोर कुठल्याच आरशात दिसत नाही. आणि जे उपकरण कायद्याने गाडीत बसवायला लावलंय ते बिघडल्यावर परवडणाऱ्या पैशात दुरुस्त होतं का, हा प्रश्न मग माझ्या-तुमच्या खिशापुरता उरत नाही. चाळीस हजारांचं एस्टिमेट ऐकून माणूस काय करतो? "राहू दे, तसंच चालवतो" म्हणतो. पहिल्या मालकाने म्हटलं, दुसऱ्या मालकाला तर कधी टुक-टुक ऐकायलाच मिळालं नाही. सक्तीचं उपकरण असं गुपचूप निवृत्त होतं.

बरं, आता मुळात हा संपर्क कसा होतो ते बघू. थोडं तांत्रिक आहे, पण आपल्या लोकांना जड जाऊ नये.

बंपरवरची ती छोटी गोल बटणं म्हणजे सेन्सर. ती माणसाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेचा आवाज सोडतात, सेकंदाला चाळीस हजारांच्या वरची कंपनं, आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते बघतात. एक मीटरवरच्या भिंतीवरून आवाज परत यायला साधारण ६ मिलिसेकंद लागतात. हे गणित एक मॉड्यूल करतं, जे बऱ्याच गाड्यांमध्ये डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे कुठेतरी दडवलेलं असतं. पण या मॉड्यूलला बाकीच्या गाडीशी बोलावं लागतं. रिव्हर्स पडलाय का? गाडीचा वेग किती? हे त्याला दुसऱ्यांकडून कळतं. आणि 'मागे ४० सेंटिमीटरवर काहीतरी आहे' हे त्याला डॅशबोर्डला सांगायचं असतं.

हे बोलणं चालतं कॅन बसवर. बॉश कंपनीने ही पद्धत फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंत्यांच्या परिषदेत मांडली, १९९३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा, आणि सगळी मॉड्यूल्स त्याच दोन तारांवर. इथे नेटवर्कवाल्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कॅनच्या संदेशावर पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो आणि घेणाऱ्याचाही नसतो. फक्त संदेशाचा क्रमांक असतो. चाळीच्या गॅलरीत उभं राहून ओरडावं तसं. सगळ्यांना ऐकू जातं, ज्याला गरज आहे तो घेतो. पोचपावतीसुद्धा एवढंच सांगते की कुणीतरी ऐकलं. ज्याने ऐकायला हवं होतं त्याने ऐकलं का, हे नाही सांगत.

मग एखादं मॉड्यूल गप्प झालंय हे कसं कळतं? प्रत्येक मॉड्यूल ठरावीक अंतराने आपले संदेश सोडत असतं. ते ठरलेल्या वेळात आले नाहीत की ऐकणारी मॉड्यूल्स आपापल्या वहीत नोंद करतात: 'अमक्याचा आवाज आला नाही.' पार्किंगवाल्यासाठी या नोंदीचा प्रमाणित कोड आहे यू०१५९.

सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. हा कोड पार्किंग मॉड्यूलने लिहिलेला नाही. तो शेजाऱ्यांनी लिहिलाय. तो निदान नव्हे, साक्षीदाराचा जबाब आहे. आणि जबाब तरी काय? "मला ऐकू आलं नाही." बस. पलीकडच्या काकूंचा आवाज सकाळपासून आला नाही, तर त्या गावाला गेल्या असतील, घसा बसला असेल, दार बंद असेल, नाहीतर आपल्याच कानात बोळे असतील. लगेच तेराव्याचं सामान आणायला कुणी निघत नाही. पण गाडीच्या बाबतीत आपण थेट तेच करतो.

आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. लॉगमध्ये 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसलं म्हणून कुठला शहाणा माणूस नवा सर्व्हर मागवतो? आधी बघतो की मशीन चालू आहे का, केबल लागली आहे का, मध्ये कुणी फायरवॉल घातलीय का, एकाच क्लायंटला दिसत नाहीये की सगळ्यांना. ट्रेनी पोरगाही हे करतो. केलं नाही तर मॅनेजर त्याला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सोलतो. तोच मॅनेजर शनिवारी सर्व्हिस सेंटरच्या सोफ्यावर फुकटची कॉफी पीत बसतो आणि "मॉड्यूल गेलंय" ऐकून कार्ड काढतो. का रे बाबा?

मग व्हायला काय हवं? यात गुप्त विद्या काहीच नाही.

पहिलं, सगळ्या मॉड्यूल्सचे कोड वाचायचे. एकाचेच नाही. पार्किंगवाल्याबद्दल सगळेच तक्रार करतायत की एकटा डॅशबोर्ड? एकटाच करत असेल तर ऐकणाऱ्याच्या बाजूलाही बघायला हवं. आणि पार्किंगसोबत डिकीच्या भागातली आणखी दोन मॉड्यूल्स गायब असतील, तर तिघं एकाच दिवशी मेली असण्यापेक्षा तिघांची सामायिक तार, फ्यूज किंवा अर्थिंग गेलं असण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि हो, पार्किंग मॉड्यूलला स्कॅनरने थेट हाक मारून बघायची. त्याने ओ दिली तर ते जिवंत आहे! मग विषय 'कधीकधी तुटतं' इथे येतो, 'मेलंय' इथे नाही.

दुसरं, बॅटरी. उतरलेली बॅटरी असली की स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळतं आणि निम्मी गाडी एकमेकांबद्दल तक्रारी लिहून ठेवते. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळतात का, हे बघायला मिनिट लागतं.

तिसरं आणि सर्वात महत्त्वाचं, मॉड्यूलच्या कपलरवर वीज आणि अर्थिंग येतंय का. पण हे कपलर काढून, नुसता मल्टिमीटर टोचून बघायचं नाही. लोड असताना बघायचं. मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे तारेचा एकच केस शिल्लक असला तरी तो १२ व्होल्ट दाखवतो आणि मेकॅनिक म्हणतो, "सप्लाय ओके आहे, म्हणजे मॉड्यूलच." चूक! कपलर जोडलेला ठेवून, गाडीतला तो भाग चालू ठेवून, मॉड्यूलची अर्थिंगची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये किती व्होल्ट आहेत ते मोजायचं. ०.१ किंवा ०.२ च्या वर गेलं की त्या वाटेत कुठेतरी गंज बसलाय.

चौथं, कॅनच्या दोन तारा. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. बॅटरी काढून दोन तारांमध्ये मोजलं की समांतर जोडणीमुळे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्यात. गाडी चालू असताना शांततेत दोन्ही तारांवर अडीच व्होल्ट असतात, बोलताना एक साडेतीनकडे जाते आणि दुसरी दीडकडे. मात्र आजकालच्या गाड्यांत स्टिअरिंगखालच्या सॉकेटमागे गेटवे बसलेला असतो, म्हणून तिथे आलेले ६० ओहम डिकीतल्या तारांबद्दल काहीच सांगत नाहीत. मोजायचं तर मॉड्यूलच्या कपलरवरच.

पाचवं, हलवून बघणं. कपलर हलवा, वायरिंग हलवा, डिकीचं झाकण उघडा-मिटा, आणि स्कॅनरवर नजर ठेवा. रबराच्या नळीतून डिकीच्या झाकणात जाणारं वायरिंग रोज उघडमिटीने आतल्या आत तुटतं. मागे बंपरमधल्या कपलरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या होतात. बेसमेंट पार्किंगमधले उंदीर हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. गाडी मागून ठोकून डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर त्या कामात कुणी वायर दाबली का, हेही बघायला हवं.

हे सगळं ठीक निघालं तर, आणि तरच, मॉड्यूलवर संशय घ्यायचा. मॉड्यूल जातात, नाही असं नाही. पण ते यादीत शेवटचे आहेत, कारण तेच सर्वात महाग आहेत आणि वर नवं बसवल्यावर त्याला त्या गाडीसाठी कोडिंग करावं लागतं. म्हणजे "लावून बघू, नाही चाललं तर परत काढू" हा प्रयोगही स्वस्त नाही.

माझ्याच गाडीचं सांगतो. बाणेरमधल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने (नाव घेत नाही) मला मॉड्यूल आणि कोडिंग मिळून ४१ हजारांचं एस्टिमेट दिलं. मी विचारलं, अर्थिंगवर किती व्होल्ट आले? सर्व्हिस ॲडव्हायझर नम्रपणे म्हणाला, "सर, आमची सिस्टिम कॉम्प्युटराइज्ड आहे." हे उत्तर मी फ्रेम करून लावणार आहे! :-)

गाडी मी एका जुन्या वायरिंगवाल्याकडे नेली. वय साठीच्या पुढे, दुकानाला धड पाटी नाही. मी म्हटलं, "काका, रिव्हर्स टाकला की पार्किंग बंद पडतं." त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "फक्त रिव्हर्स टाकल्यावरच? ड्राइव्हमध्ये असताना कोड येत नाही?" नाही येत. "मग रिव्हर्समध्ये आणखी काय चालू होतं, ते बघायचं." रिव्हर्सचे दिवे! त्यांनी डिकीचं पॅनेल उघडलं, मीटर लावला. नुसतं इग्निशन चालू असताना अर्थिंगवर जवळजवळ काही नाही. मला रिव्हर्स टाकायला सांगितलं. काटा तीन व्होल्टवर.

झालं असं होतं. मागच्या दिव्याच्या रबरातून पावसाचं पाणी झिरपून त्याच्या खालचा अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. पार्किंग मॉड्यूल आणि रिव्हर्सचे दिवे दोघांचंही अर्थिंग तिथेच. एकटं मॉड्यूल अगदी थोडा करंट घेतं, तेवढा त्या गंजातून जायचा. पण दिवे लागले की दोन बल्बांचा मिळून तीन-साडेतीन अँपियर करंट त्याच गंजातून जाऊ लागायचा आणि तिथेच तीन व्होल्ट खाल्ले जायचे. मॉड्यूलच्या वाट्याला उरायचे नऊ. नऊ व्होल्टला ते हात टेकायचं. म्हणजे ज्या क्षणी त्याची गरज, नेमक्या त्याच क्षणी ते गप्प. बोल्ट काढला, पत्रा घासला, नवी थिंबल लावली, ग्रीस लावलं, दिव्याचं रबर बदललं. पाऊण तास, ९०० रुपये. त्यातले ३०० त्यांनी 'चेकिंगचे' म्हणून वेगळे सांगितले, ते मला फार आवडलं. का, ते पुढे येतं.

आता विचार करा, ४१ हजारांचं नवं मॉड्यूल बसवलं असतं तर? त्यालाही नऊच व्होल्ट मिळाले असते. रिव्हर्स टाकल्यावर तेही गप्प झालं असतं, आणि मग एस्टिमेटमध्ये पुढचं नाव आलं असतं, वायरिंग हार्नेस. आणि कपलरच्या पिना हिरव्या असल्या की आणखीच मजा होते. मॉड्यूल बदलताना कपलर काढून घातला जातो, पिना घासल्या जातात, तात्पुरता संपर्क जुळतो. महिनाभर सगळं मस्त! ग्राहक खूश, मेकॅनिकला वाटतं आपलं निदान बरोबर होतं. पुढच्या पावसात तीच तक्रार परत. अशाने माणूस वीस वर्षं काम करूनही काही शिकत नाही, कारण त्याला चुकल्याचं कधी कळतच नाही.

दोष मेकॅनिकचा आहे का? माझ्या मते सर्वात कमी त्याचाच. पार्ट विकला तर सर्व्हिस सेंटरला मार्जिन मिळतं. पाऊण तास मीटर घेऊन डिकीत बसलं तर काय मिळतं? काही नाही. बाहेर दहा गाड्या उभ्या, संध्याकाळी सहाला डिलिव्हरीची वेळ दिलेली. जी गोष्ट बिलात लिहिता येत नाही ती कुणी करत नाही, हा कुठल्याही धंद्याचा नियम आहे.

आणि ती बिलात का लिहिता येत नाही? आपल्यामुळे. "काय, नुसतं बघायचे हजार रुपये? बदललं तर काहीच नाही!" हे वाक्य कुणाचं आहे? आपलंच. वस्तूचे पैसे द्यायला आपण तयार असतो, डोक्याचे नाही. आणि हे कोण म्हणतंय? जे स्वतः महिन्याच्या महिन्याला फक्त डोक्याचा पगार घेतात ते! आपण क्लायंटला तासाच्या भावाने 'ॲनालिसिस'चं बिल लावतो, एकही ओळ बदलली नाही तरी लावतो. त्या काकांच्या तीनशे रुपयांवर मात्र आपल्याला घासाघीस सुचते. म्हणून म्हटलं, त्यांनी चेकिंगचे पैसे वेगळे सांगितले ते आवडलं.

तिसरा वाटेकरी म्हणजे गाड्यांच्या कंपन्या. इंजिनाच्या प्रदूषणाशी संबंधित कोड सगळ्यांना वाचता येतात, कारण तो कायदा आहे. अमेरिकेत १९९६ पासून, आपल्याकडे बीएस-४ गाड्यांमध्ये २०१३ पासून. म्हणून तो स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल इंजिनाबद्दल बरंच काही सांगतो. पण पार्किंग, दरवाजे, एअरबॅग ही मंडळी त्या कायद्याच्या बाहेर. तिथे कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं, वायरिंगचा नकाशा लागतो, कोडिंगची परवानगी लागते. आणि ते चौकातल्या गॅरेजवाल्याला सहजासहजी मिळत नाही. माझं काम झालं कारण बिघाड मीटरने सापडण्यासारखा होता. उद्या खरंच मॉड्यूल गेलं, तर काकांना ते ओळखता येईल, पण नव्याला कोडिंग करता येणार नाही.

आपल्याकडे याला कुणी हात घातला नाही असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, नेमक्या याच कारणासाठी: सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अर्थातच वरच्या न्यायालयांत गेल्या. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टु रिपेअर'साठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्यासोबत मोटारीही होत्या. त्याच डिसेंबरात एक पोर्टल सुरू झालं. पोर्टल चांगली गोष्ट आहे, पण पोर्टल म्हणजे हक्क नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये गाड्यांच्या दुरुस्तीचा कायदा केला आणि २०२० मध्ये जनमताने तो आणखी कडक केला. युरोपात दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. म्हणजे हे अशक्य आहे, असं कुणी सांगू नये.

आता कंपन्यांची बाजू. ते म्हणतात, गाडी उघडी ठेवली तर कुणीही आत शिरेल. हा मुद्दा पोकळ नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी धावती जीप लांबून, इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली होती आणि त्यानंतर १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. सिक्युरिटीत काम करणाऱ्या कुणालाही ते आठवत असेल. पण जरा नीट बघा. तो हल्ला गाडीच्या मोबाइल जोडणीतून झाला होता, गॅरेजवाल्याच्या स्कॅनरमधून नव्हे. आणि वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं! आपण सर्व्हरवर कुणालाही रूट देत नाही, पण लॉग वाचायला देतोच ना? कोड वाचणं, लाइव्ह आकडे बघणं, वायरिंगचा नकाशा बघणं, यातल्या कशानेही ब्रेक हॅक होत नाहीत. लिहिण्यासाठी, कोडिंगसाठी, नोंदणी करून परवाना द्या, कुणी काय केलं त्याची नोंद ठेवा, वाजवी फी घ्या. आपल्या क्षेत्रात हे प्रश्न केव्हाच सोडवून झालेत. सुरक्षेच्या नावाखाली वाचण्यालाही कुलूप लावणं म्हणजे चोराच्या भीतीने घराचा नकाशा मालकापासूनच लपवणं.

दुसरा युक्तिवाद वॉरंटीचा. वॉरंटी आहे तोवर गाडी अधिकृत ठिकाणीच न्या, मी काही वेगळं सांगत नाही. पण तिथेही विचारायचं ते विचारा. फुकट बदललेलं चुकीचं मॉड्यूल वॉरंटी संपल्यावर परत बंद पडणारच आहे, आणि तेव्हा बिल तुमच्या नावाने निघेल.

तर मंडळी, करायचं काय? कायदा येईल तेव्हा येईल, त्याच्यासाठी ओरडत राहू. तोवर तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

एक, मॉड्यूल बदलायला होकार देण्याआधी जॉबकार्डावर चार आकडे लिहून मागा: बॅटरीचं व्होल्टेज, मॉड्यूलच्या कपलरवर लोड असतानाचा सप्लाय, लोड असतानाचा अर्थिंगचा ड्रॉप, आणि कॅनच्या दोन तारांमधले ओहम. सोबत कोणकोणत्या मॉड्यूलने तक्रार लिहिली ती यादी. भांडू नका, आवाज चढवू नका, फक्त मागा. आकडे असतील तर पाच मिनिटांत मिळतील. नसतील तर ते काढायला कुणाला तरी डिकीत उतरावं लागेल, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

दोन, "कोड डिलीट केलाय, आता चालवून बघा" याला हो म्हणू नका. कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आधी यादीचा फोटो काढा, मग काय पुसायचं ते पुसू द्या.

तीन, आणि हे सर्वात अवघड आहे, निदानाचे पैसे द्या. स्वतःहून द्या. "काही बदलू नका, आधी शोधा, शोधायचे वेगळे घ्या" असं म्हणून बघा. अधिकृत ठिकाणी म्हणा, चौकातल्या गॅरेजमध्येही म्हणा. शोधायला पैसे मिळतात असं कळलं की शोधणारी पोरं तयार होतील. आज त्या काकांच्या हाताखाली एकही पोरगा नाही. दोन होते, दोघंही पार्ट बदलायच्या नोकरीला लागले, कारण तिथे पगार बरा आहे. त्यात त्या पोरांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

असो. बराच ताणला आज विषय. पुढच्या शनिवारी भेटू.